कोंडिबानं न सोडलेली बारी

"तुमीच सोडलीय बारी, आबा."

"न्हाई सोडली."

"मग काय, फोननं आपल्या मनानं सोडली?"

"ते फोनला इचार. मला इचारशील तर न्हाई सोडली."

"ऐका! आता फोनला इचारायचं!" शैलेशनं दोन्ही हात वर केले आणि गोलाकार वळून बघितलं, जसं काही भोवती सगळं गाव उभं आहे आणि सगळ्यांनी आता मान हलवायची आहे.

गाव नव्हतं. कासारसाईच्या पाणी संस्थेच्या त्या खोलीत तिघंच होते. खुर्चीत न टेकता तिच्या काठावर बसलेला कोंडिबा, त्याच्यासमोर येरझाऱ्या घालणारा त्याचा मुलगा शैलेश, आणि कॉम्प्युटरमागं, शक्य तितकी लहान होऊन बसलेली वैशाली.

भांडण पाण्याचं होतं. संस्था धरणातलं पाणी मोटारीनं उचलते आणि सभासदांच्या रानात बारीबारीनं सोडते. ज्याची बारी, त्याचं त्या दिवशी पाणी. कुणाला नको असेल तर त्यानं आपली बारी दुसऱ्याला सोडायची. पूर्वी हे तोंडी चालायचं, आता संस्थेच्या साईटवर. 'बारी सोडा' असं हिरवं बटण, खाली सभासदांची नावं. झालं. आणि साईट सांगत होती की कोंडिबानं भर चैत्रात, काकडीला फुलं धरलेली असताना, आपली बारी शेजारच्या वाल्मीकला सोडली. पाणी वाल्मीकच्या रानात गेलं. कोंडिबाच्या काकडीनं माना टाकल्या.

"वैशाली, तूच सांग गं," शैलेश म्हणाला. "मी बोललो की बापलेकाचं भांडण हुतंय. काय दिसतंय तितं?"

वैशालीला सांगायचं नव्हतं. पण पडदा तिच्याकडं तोंड करून होता आणि कोंडिबाही.

"तुमच्याच खात्यातून झालंय, आबा. तुमच्याच फोनवरनं."

कोंडिबानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. रागानं नाही. एखादं ओळखीचं माणूस परक्या गावात दिसावं तसं.

"तुज्या बापानं मला असं तोंडावर सांगितलं नसतं."

"मग काय केलं असतं?"

"आधी बांधावर आला असता."

"झालं! बांधावर!" शैलेश टेबलावर टेकला. "आबा, मी काय वैरी हाय का? परवा गॅस चालू ठिवला. त्येच्या आधी चष्मा फ्रिजमदी—"

"चष्मा तुज्या लेकीनं ठिवला हुता फ्रिजमदी. खेळता खेळता."

"बघितलं? त्येबी इसरले! वैशाली, बघितलंस?" त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आणि ते जास्त वाईट होतं. "पुढल्या रविवारी मीटिंग हाय. चेअरमन हैबतआप्पांशी बोललोय मी. सभासदाच्या जागी माझं नाव लावायचं. तुमाला तरास न्हाई, डोक्याला ताप न्हाई. सही तेवढी करायची."

नाव बदललं की पुढचं काय, हे कासारसाईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हिंजवडीकडून येणारा रस्ता रुंद झाला तसे प्लॉटिंगवाले कोंडिबाच्या बांधापर्यंत येऊन गेले होते. कोंडिबा त्यांना पाणी पाजायचा, सावलीत बसवायचा आणि "पान्याचं रान हाय, इकायचं न्हाई" म्हणून वाटेला लावायचा. पाणी त्याच्या नावावर होतं तोवर ते वाक्य त्याचं होतं.

शैलेश फोन वाजला म्हणून बाहेर गेला. कोंडिबा उठला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, मानूस येखादी गोष्ट करतो आन त्येचं त्येलाच ठावं नसतं... असं हुतं व्हय गं?"

"होतं की आबा. वय झालं की..." ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो.

म्हातारा स्वतःशीच मान हलवत राहिला. मघापासून एवढ्या जोरात नाही नाही म्हणणारा माणूस, आणि आता भिंतीकडं बघून पुटपुटला, "मंग सोडली आसंल मीच." टोपी घातली. "करीन सही."

*

वैशालीची नोकरी हिंजवडीत होती. दुसऱ्यांनी केलेल्या साईटी मोडून बघायच्या, हे तिचं काम. आई शेजारणींना सांगायची, "आमची वैशाली कंपनीत हाय, लोकांच्या चुका काढती." शेजारणी म्हणायच्या, "त्येला पगार मिळतो? मग आमच्या सासूबाईंना लावा की."

शनिवार-रविवार मात्र ती संस्थेच्या खोलीत बसायची. कारण ही साईट तिनं स्वतः केली होती. तिचे वडील आनंदा हे संस्थेचे पाटकरी. कोणाच्या रानात कधी पाणी सोडायचं ते बघणारे. स्वतःचं रान गुंठाभरही नाही, आणि आयुष्य गेलं ते दुसऱ्यांच्या रानाला पाणी दाखवण्यात. गुडघे गेले तेव्हा त्यांनी फावडं भिंतीला लावलं आणि हैबतराव, म्हणजे संस्थेचे चेअरमन, वैशालीला म्हणाले, "तुज्या बापाच्या डोक्यात जे हाय ते तेवढं कॉम्प्युटरात घाल."

तिनं घातलं. घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या फोनमध्ये साईट उघडून दिली. पासवर्ड कुणाच्या लक्षात राहणार नाही म्हणून असं केलं की एकदा फोन ओळखीचा झाला की कायमचा ओळखीचा. फोननं साईटचं दार वाजवलं की साईट म्हणणार, या कोंडिबा. या गोजराबाई.

एक गोष्ट मात्र तिनं सुरुवातीला घातली होती आणि नंतर काढली.

'बारी सोडा' हे पान उघडलं की साईट त्या पानात गुपचूप एक खूण ठेवायची. लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेली, दरवेळी नवी. बटण दाबलं की ती खूण परत यायची. जुळली तरच बारी सुटायची. ओळख एवढ्यासाठी की फोन कुणाचा ते कळावं, आणि खूण एवढ्यासाठी की हे बटण आपल्याच पानावरून दाबलंय ते कळावं. नोकरीत हीच गोष्ट कुणी विसरलं की ती लाल अक्षरात लिहून पाठवायची.

पण कासारसाईत फोनवरचं पान कुणी बंद करत नाही. सोमवारी उघडलेलं पान गुरुवारी तसंच असतं, मध्ये फोन खिशात, ट्रॅक्टरवर, उशाखाली फिरून आलेला. तोवर खूण शिळी. बटण दाबलं की लाल चौकट यायची: 'खूण जुळत नाही. मागणी नाकारली.'

पहिल्याच महिन्यात हैबतराव फोन नाचवत खोलीत आले होते. "आमचंच पानी, आमचीच संस्था, आन आमालाच न्हाई म्हनती? कोन नाकारतंय ह्ये? तू नाकारतीस?"

"मी नाही आप्पा, साईट—"

"साईट म्हंजे तूच की! आनंदाची पोरगी आता आमच्याकडं खूण मागणार व्हय?"

मागं दोघंतिघं हसले. वैशालीनं त्याच दुपारी ती खूण काढून टाकली. दुरुस्त करता आली असती. शिळी झाली तर गुपचूप नवी द्यायची, एवढंच करायचं होतं. पण त्या हसण्यानं तिचे कान तापले होते, आणि तापलेल्या कानांनी माणूस दुरुस्त करत नाही, उपटून टाकतो. 'नंतर बघू' असं तिनं मनाशी म्हटलं. नंतर कुणाची तक्रारच आली नाही. साईट कुणाला काही विचारत नव्हती, त्यामुळं सगळे साईटवर खूश होते.

*

पुढच्या शनिवारी गोजराबाई आली ती दारातूनच ओरडत.

"कोन मेला माजी बारी खातोय?"

गोजराबाईचं रान कोंडिबाच्या वरच्या अंगाला. नवरा गेल्यापासून एकटी कसते. घराच्या वरच्या मजल्यावर कंपनीतल्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्यात, आणि त्यांनी गॅलरीत वाळत घातलेल्या चड्ड्यांवरून ती रोज कुणाशी तरी भांडते. विसरभोळी तिला कुणी म्हटलं नसतं. कुणाच्या लग्नात तिला साडी मिळाली नाही हे तिला सालासकट पाठ होतं.

"मावशी, बसा. काय झालं?"

"मोटार सोडायला गेले तर त्यो मोटारीवरचा पोरगा म्हन्तो, आज्जी तुमची बारी तर वाल्मीककाकांना गेली. मी म्हनलं मला न इचारता? तर म्हन्तो, तुमीच दिलीय. मी? वाल्मीकला? बांधावरनं त्येची शेळी आली तर मी वाळलेलं पान खाऊ देत न्हाई!"

वैशालीनं पडद्यावर बघितलं. गोजराबाईचं खातं, गोजराबाईचा फोन. बारी सोडली: वाल्मीक.

तिचा हात माउसवरच राहिला. एक म्हातारा विसरतो, हे पटतं. पण एक म्हातारा आणि एक गोजराबाई, दोघं एकच गोष्ट विसरतात, आणि दोघांचंही विसरलेलं पाणी एकाच रानात जातं?

"मावशी, त्या दिवशी फोनवर काय काय केलंत?"

"मी काय करनार बाई फोनवर? लेकाला फोन केला, त्येनं उचलला न्हाई. नातवाचा फोटू बघितला. आन हां, पत्रिका बघितली. वाल्मीकच्या आरोहीच्या लग्नाची. त्येच्या मनीषनं केलीय, लई झ्याक हाय. दाखवू?"

फोन लेकानं टाकून दिलेला, काचेला आडवी चीर गेलेली. गोजराबाईनं अंगठा थुंकीनं ओला करून पुसला आणि पत्रिका उघडली. सोनेरी पाकीट. वर लाल लाखेचा शिक्का. खाली नाचणारी अक्षरं: पाकीट उघडा.

"थांबा, मावशी!" वैशालीनं कॉम्प्युटरवर गोजराबाईची पुढची बारी काढली. नाव होतं: गोजराबाई. "हां. आता उघडा."

गोजराबाईनं बोट टेकवलं. सनई वाजली. पाकळ्या पडल्या. नवरा-नवरी हात जोडून पुढं आले.

"बघ, कसं ग्वाड दिसतंय जोडपं..."

वैशालीनं पडदा ताजा केला. पुढची बारी: वाल्मीक.

"काय झालं गं? तुजं त्वांड का असं झालं?"

"मावशी, तुमची पुढची बारी पण गेली."

"आत्ता? हितं बसून? मी काय केलं?"

"पाकीट उघडलंत."

"मंग?"

"एवढंच केलंत."

गोजराबाईनं फोन टेबलावर ठेवला. आपटला नाही, हळूच ठेवला, झोपलेल्या कुत्र्याजवळून जावं तसा. "म्हंजे भूत हाय का काय त्येच्यात?"

"भूत नाही. त्या पत्रिकेच्या मागं, दिसणार नाही असा, आपल्याच साईटचा फॉर्म लपवलाय. आधीच भरलेला. 'माझी बारी वाल्मीकला सोडा.' तुम्ही पाकीट उघडलं की तुमचा फोन तो फॉर्म घेऊन साईटकडं पळतो. साईट बघते, फोन तर ओळखीचा, गोजराबाईंचाच. म्हणते, बरं."

"आन फारम कुनी भरला ते न्हाई इचारत?"

"नाही विचारत."

"म्हंजे माजं त्वांड लावून दुसराच बोलला, आन तुजी साईट त्येला व्हय म्हनली."

वैशालीला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

"मंग अख्ख्या गावानं बघितली की पत्रिका. समद्यांच्या बाऱ्या का न्हाई गेल्या?"

"नवे फोन हुशार असतात, मावशी. दुसऱ्याच पानावरनं मागणी निघाली तर ते आपली ओळख सोबत देत नाहीत. तुमचा जुना आहे. आणि..."

"आन कोंडिबाभावजींचा त्येच्याहून जुना." गोजराबाई उठली होती ती परत बसली. "गावभर झालंय की त्येंचं डोस्कं फिरलं म्हनून. शैलेशची बायकू मला नळावर सांगत हुती. आन ते बी बिचारं आता म्हनाय लागलंय, मला काय आठवत न्हाई बया. परवा मला इचारलं, वहिनी, तुमचं नाव गोजराच न्हवं?"

*

मनीषला तिनं लगेच फोन लावला. वाल्मीकचा धाकटा, पिरंगुटला कॉम्प्युटरचा कोर्स करणारा.

"मनीष, पत्रिकेत काय घातलंयस?"

 पलीकडून एक दबलेलं हसू. "तुला कळलं व्हय, ताई? अगं, क्लासमदी शिकवलं हुतं. म्हनलं बघू चालतंय का."

"चाललं."

"सगळ्यांचं न्हाई चाललं..."

"कोंडिबाआबांचं चाललं. काकडी गेली त्यांची. वाल्मीककाकांना माहितीय?"

"न्हाई, न्हाई! अण्णांना सांगू नको. त्येंना वाटलं, लग्नाचं घर हाय म्हनून आबांनी आपनहून दिली. देवापुढं नाव घेतलं आबांचं." आता आवाजातलं हसू गेलं होतं. "पर ताई, मी काय कुनाचा पासवर्ड चोरला न्हाई. दिलं तर तुझ्या साईटनंच ना?"

फोन ठेवल्यावर वैशालीला त्याचा राग आला, मग त्याच्या शेवटच्या वाक्याचा, आणि मग त्या वाक्यात राग येण्यासारखं खोटं काही सापडेना, याचा.

*

आनंदा ओट्यावर पाय लांब करून गुडघ्याला तेल लावत होते. वैशालीनं शेजारी बसून सगळं सांगितलं.  संपल्यावर म्हणाले, "मंग तू वळख बघत हुतीस. खूण न्हाई."

"खूण होती, दादा. मीच काढली."

"वळखीचं काय एवढं? मी कोंडिबाचा बैल बी वळखायचो. म्हनून काय बैल दारात आला की पानी सोडायचं?"

ती हसली. हसू पुरं होईतो तिला ती संध्याकाळ आठवली, जिच्यावर ती दोघं कधी बोलली नव्हती.

तोंडी कारभार होता तेव्हा बारी बदलायचा निरोप घेऊन कुणीही यायचं. "कोंडिबानं सांगितलंय, त्येची बारी आज मला." आनंदा विचारायचे, "खूण काय?" मग निरोप्यानं अशी गोष्ट सांगायची जी फक्त कोंडिबाला आणि आनंदालाच माहीत. सकाळी बांधावर दोघांच्यात झालेलं काहीतरी. आनंदा मुद्दाम तसं काहीतरी करून ठेवायचे. कुणाच्या हातात विडीऐवजी बडीशेप द्यायची, कुणाला उगीच उलटा रामराम घालायचा. खूण दर खेपेला नवी. कालची आज चालायची नाही.

वैशाली तेव्हा चौथीत. दादांचा डबा घेऊन गेली होती. हैबतरावांचा भाचा आला, म्हणाला, मामांनी सांगितलंय, कोंडिबाची बारी आमाला. दादांनी विचारलं, खूण काय? त्या पोरानं पायातली चप्पल काढून हातात घेतली. "ही खूण. चालंल?" दादांनी मान खाली घातली. मोटार चालू केली नाही, पण मानही वर केली नाही. पोरगा शिव्या देत निघून गेला. वैशालीला आठवत होती ती चप्पल नाही, दादांची मान.

"दादा, तुम्हाला खूण विचारताना भीती नव्हती वाटत?"

"वाटायची की."

"मग?"

"मंग काय? इचारलं न्हाई तर ज्येचं पानी त्येला कोन देनार?" त्यांनी पाय आखडून घेतला. "आन लई शाना हुतो असं बी न्हाई. मला बी फसवलंय लोकांनी. खुना चोरून ऐकायचे. झाडामागं बसायचे. दोनदा पानी भलत्याच्याच रानात गेलं माज्या हातनं. म्हनून तर सांगायला जायचो बांधावर. चुकलं म्हनून."

वैशाली आत जाऊन लॅपटॉप घेऊन बसली. काम फार नव्हतं, हेच लाजिरवाणं होतं. खूण परत घातली. साईटची ओळख फक्त साईटच्याच पानावरून यावी असंही बांधून टाकलं. पान शिळं झालं तर लाल चौकट नको; साईट आपणहून नवी खूण ठेवेल आणि एवढंच म्हणेल, 'पान जुनं झालं होतं. पुन्हा एकदा दाबा.' करता करता तिच्या ध्यानात आलं की तिनं दादांची खूण आणि साईटची खूण, या दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारून ठेवली होती. ही खूण माणसाला काही विचारतच नाही. कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, कुणाला संशयित ठरवत नाही. पान आणि साईट यांच्यातल्या त्यांच्यात देवाणघेवाण होते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. तरी ती म्हणजे दादांचा 'खूण काय?' हाच प्रश्न असल्यागत तिनं काढून टाकली होती, चप्पल दिसायच्या आत.

मघाशी गेलेली बारी परत गोजराबाईच्या नावावर लावली आणि ती तिच्याकडं गेली. पाकीट उघडलं. सनई वाजली, पाकळ्या पडल्या. बारी जागेवर राहिली.

"आता झालं?" गोजराबाईनं विचारलं.

"साईटचं झालं," वैशाली म्हणाली. तिथून ती कोंडिबाच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, शैलेश आबांना डॉक्टरकडं घेऊन गेलाय, डोकं दाखवायला.

*

रविवारी खोली भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत, उशिरा आलेले खिडकीत आणि दारात. हैबतराव टेबलामागं. शैलेशनं कागद आधीच पुढं ठेवला होता, पेन उघडून. कोंडिबा पांढरी धुवट टोपी घालून आला होता आणि पेनाकडं बघत नव्हता.

"पयला इषय," हैबतराव म्हणाले. "कोंडिबाच्या जागी शैलेश. कुनाची हरकत—"

"आप्पा, त्याच्या आधी मला बोलायचंय," वैशाली उठली.

"तुजं काय? तू सभासद न्हाईस."

"साईट माझी आहे. म्हणून बोलते." तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला, पण थांबला नाही. "कोंडिबाआबांनी बारी सोडलेली नाही. गोजरामावशींनीही नाही. मी मागच्या रविवारी आबांना ह्याच खोलीत सांगितलं, तुमच्याच फोनवरनं झालंय. फोन त्यांचा होता. मागणी त्यांची नव्हती. हा फरक साईटला कळत नव्हता, कारण तो ओळखायची सोय मी काढून टाकली होती."

मग तिनं पत्रिकेचं सांगितलं. गोजराबाईनं मध्ये मध्ये सनई वाजवून दाखवली. दारात उभा असलेला वाल्मीक ऐकता ऐकता लाल झाला, मग पांढरा, आणि म्हणाला, "मनीषनं? आमच्या?" मग तो पुढं आला आणि कोंडिबापुढं वाकला. "आबा, मला ठावं न्हवतं. माजी पुढली बारी तुमची. त्येच्या पुढली वहिनींची."

"थांबा, थांबा," हैबतराव म्हणाले. "आनंदाची पोरगी, म्हंजे तू म्हन्तीस साईट खोटी?"

"साईट कच्ची होती. आता नाही. मी चुकले."

"आन ती खूण का फिण ती काढायला कुनी सांगितलं हुतं तुला?"

वैशालीनं त्यांच्याकडं बघितलं. मान खाली घातली नाही. गोजराबाईला तेवढं थांबणं जमलं नाही.

"तुमीच की! ह्याच दारात फोन नाचवत हुता. मी खिडकीत हुते. हसले बी हुते काहीजन. त्यो बघा, त्यो एक."

खिडकीतला एकजण एकदम धरणाकडं बघू लागला. हैबतराव घसा साफ करत राहिले, जितका साफ व्हायला हवा त्याहून जास्त वेळ. "बरं. म्हंजे कोंडिबाचं डोस्कं जाग्यावर हाय. मग शैलेश, ह्यो कागद... मागं घ्यायचा न्हवं?"

"ह्या येळचं ठीक हाय, आप्पा," शैलेश म्हणाला. "चांगलंच झालं. पर वय तर झालंयच ना? आज ह्ये न्हाई तर उद्या काही दुसरं हुईल. कागद तयारच हाय तर—"

"शैलेश."

हाक कोंडिबाची होती. आता त्यानं पेन उचललं, टोपण शोधलं, लावलं, आणि टेबलावर ठेवलं.

"आठ रोज," तो म्हणाला, "मी सकाळी उठलो की आधी माजं नाव म्हनून बघायचो. मग तुज्या आईचं. मग तुजं. म्हनलं कुठलं कधी जाईल ठावं न्हाई. वहिनींना बी नाव इचारलं, हसल्या त्या. काल डाक्टर म्हनला, आज वार कुठला. मी सांगितला. त्येनं बरोबर म्हनलं तरी मला खरं वाटंना."

"आबा, मी तुमच्याच भल्यासाठी—"

"ते ऱ्हाऊ दे. मी इचारतो त्येवढं सांग." कोंडिबाचा आवाज भांडणाचा नव्हता. खरंच माहीत नाही म्हणून विचारावं तसा होता. "आत्ता ही पोरगी बोलली. म्हनली, आबांनी सोडली न्हाई. आबा इसरला न्हाई. ते ऐकलं तवा तुला बरं वाटलं का वाईट वाटलं?"

खोलीत कुणाचा तरी फोन थरथरला आणि कुणीतरी तो मांडीखाली दाबला. हैबतराव टेबलावरचा कागद बघत होते.  शैलेशनं तोंड उघडलं. वैशालीला वाटलं, आता म्हणेल, बरं वाटलं. एवढंच म्हणायचं होतं. खोटं असतं तरी चाललं असतं, आणि खोलीतल्या प्रत्येकानं ते खरं धरून घेतलं असतं.

त्यानं वैशालीकडं बघितलं, मग बापाकडं. टेबलावरचा आपला फोन उचलला. कागद तिथंच राहिला. दारातली माणसं बाजूला झाली, त्यांच्यामधून वाट काढत, चपलांच्या ढिगात पाय घालून जी मिळाली ती चप्पल अडकवत, तो बाहेर पडला.